कामावर कोणता मास्क, कोणता फिल्टर? मराठवाड्यातल्या कामगारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालन्याची रोलिंग मिल, सेलू-मानवत भागातलं जिनिंग, लातूरची डाळ मिल, वसमतचं हळद पॉलिश, वाळूजचं पेंट शॉप, परळीची राख. प्रत्येक ठिकाणची हवा वेगळी, पण दुकानात जाऊन आपण मागतो एकच : "एक चांगला मास्क द्या." सुरक्षेच्या प्रशिक्षणांत मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे चूक झाली की माणूस घरी परत येत नाही.

महागातला मास्क घेतला की सगळीकडे चालतो ना?

नाही. मास्कचा भाव नंतर, आधी हवेत काय आहे ते बघा. धोका मुळात तीन प्रकारचा असतो. पहिला कणांचा : धूळ, राख, वेल्डिंगचा धूर, फवाऱ्याचे बारीक थेंब. हे फिल्टरमध्ये अडकतात. दुसरा वायू आणि वाफांचा : थिनर, अमोनिया, क्लोरीन, गंधकाचा धूर. हे धुळीच्या फिल्टरमधून आरपार जातात, त्यांना कार्ट्रिज, म्हणजे वायू धरून ठेवणारी डबी लागते. तिसरा म्हणजे हवेत ऑक्सिजनच कमी असणं. तिथे फिल्टर, कार्ट्रिज काहीच उपयोगाचं नाही, कारण ते हवा गाळतात, तयार करत नाहीत.

उत्तम प्रतीचा एन-९५ लावून थिनरच्या टाकीत डोकावणारा माणूस उघड्या तोंडानेच श्वास घेत असतो. त्यात मास्कच्या भरवशावर तो जास्त वेळ थांबतो, म्हणून त्याचं नुकसानही जास्त होतं.

हवेत काय आहे हे आम्हाला कसं कळणार? आम्ही काय शास्त्रज्ञ आहोत?

त्यासाठी शास्त्रज्ञ असावं लागत नाही. रसायन असेल तर त्याचं एसडीएस, म्हणजे सुरक्षा माहितीपत्रक मागा. त्यात सोळा भाग असतात आणि आठव्या भागात श्वसनसंरक्षण काय लागेल ते लिहिलेलं असतं. ड्रमवरचं नाव मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. धूळ असेल तर ती कशाची आहे ते विचारा : वाळूची, कापसाची, शिशाची की नुसत्या मातीची. किती आहे हे मात्र डोळ्यांनी कळत नाही. फुफ्फुसात खोलवर जाणारा कण चार-पाच मायक्रॉनपेक्षा बारीक असतो आणि आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. उन्हाच्या तिरिपेत नाचताना दिसते ती धूळ बहुतेक नाकात-घशातच अडकते. खरी घातक धूळ दिसत नाही. त्यासाठी कामगाराच्या कॉलरजवळ छोटा पंप लावून पूर्ण पाळीभर हवा गोळा करतात आणि प्रयोगशाळेत मोजतात. कारखान्याने ही मोजणी केली असेल तर अहवाल बघायला मागा.

दस्ती ओली करून बांधली तर काम भागत नाही का?

नाही भागत. उन्हात, फुफाट्यात दस्ती बरी वाटते, कारण जाडी धूळ अडते आणि नाकाला गारवा मिळतो. पण कापडाच्या विणीतली भोकं त्या बारीक कणांपुढे खिडकीएवढी असतात. फवारणीत तर दस्ती उलटी घात करते : औषध शोषून घेते आणि तेच औषध दिवसभर तुमच्या ओठांवर, नाकावर धरून ठेवते.

काम झाल्यावर गूळ खाल्ला की धूळ उतरते म्हणतात.

अनेक ठिकाणी पाळी संपली की गुळाचा खडा हातावर ठेवतात. देणाऱ्याच्या मनात माया असते, हे मला माहीत आहे. पण गूळ जातो पोटात आणि धूळ बसलेली असते फुफ्फुसात. दोन्हींचे रस्ते वेगळे. गूळ खुशाल खा, मात्र मास्कच्या बदल्यात तो घेऊ नका.

एन-९५, एफएफपी-२, केएन-९५... यातलं नेमकं काय घ्यावं?

एन-९५ ही अमेरिकेची वर्गवारी आहे. गाळायला सगळ्यात अवघड, म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण किमान ९५ टक्के अडले पाहिजेत. एफएफपी ही युरोपची, आणि आपल्याकडचं आयएस ९४७३ हे भारतीय मानकही तीच वापरतं : एफएफपी-१ किमान ८० टक्के, एफएफपी-२ किमान ९४, एफएफपी-३ किमान ९९. केएन-९५ चीनचं. व्यवहारात एन-९५ आणि एफएफपी-२ एकाच पंगतीतले.

०.३ मायक्रॉनपेक्षा बारीक कण तर सहज निसटत असतील, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. अगदी बारीक कण हवेत सैरभैर थरथरत असतात, त्यामुळे ते धाग्यांना जास्त धडकतात. मोठे कण वळणावर वळू न शकल्याने आदळतात. मधले तेवढे निसटू पाहतात, म्हणून परीक्षा त्यांचीच घेतात. शिवाय मास्कच्या आतल्या थरावर स्थिर विद्युतभार असतो आणि तो कणांना ओढून घेतो. हा विद्युतभार लक्षात ठेवा, पुढे दोन प्रश्नांत तोच कामाला येणार आहे.

माझा सल्ला : कामाच्या जागी एफएफपी-१ घेऊच नका. साध्या धुळीला एफएफपी-२ किंवा एन-९५. सिलिका (वाळू-दगडातलं), शिसं, स्टेनलेसचं वेल्डिंग असेल तर एफएफपी-३, किंवा त्याहून बरा म्हणजे नाक-तोंड झाकणारा रबरी अर्धमुखी मास्क आणि त्याला पी-१०० फिल्टर. पी-१०० म्हणजे ९९.९७ टक्के. त्याचा रंग जांभळट-गुलाबी असतो, ओळखायला सोपा.

मग 'एन', 'आर', 'पी' ही अक्षरं कशाची?

तेलाची. 'एन'ला तेल चालत नाही, 'आर' काही काळ टिकतो, 'पी' तेलाला दाद देत नाही. वाळूज, शेंद्र्याच्या मशीन शॉपमध्ये सीएनसीवर कूलंटचा आणि कटिंग ऑइलचा धुक्यासारखा फवारा असतो. तिथे एन-९५ लावला तर तेलाच्या थेंबांनी तो विद्युतभार मरतो. मास्क दिसायला तसाच राहतो, गाळणं मात्र ढासळतं. तिथे 'आर' किंवा 'पी' घ्या.

धुऊन, उन्हात वाळवून वापरला तर?

एन-९५ आणि एफएफपीचे घडीचे मास्क धुवायचे नाहीत. साबणाने आणि सॅनिटायझरने विद्युतभार जातो, ओल्याने आकार जातो. धूळ खूप असेल तिथे एका पाळीला एक मास्क हा हिशोब धरा. श्वास ओढायला जड जाऊ लागला, पट्टी सैल झाली, नाकाजवळची तार मोडली किंवा आतून ओला झाला, की पाळी अर्धी असली तरी बदला. रबरी मास्कचं तोंड मात्र रोज कोमट पाण्याने धुवायचं, फिल्टर काढून ठेवून.

मास्क चांगला आहे, तरी नाकातून काळं का येतं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका फाउंड्रीत फेटलिंगवर, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या कामावर असलेल्या एका भावाने हाच प्रश्न विचारला होता. त्याचा मास्क खराखुरा, मानकाचा, नवा. मी तो काढायला लावला आणि आतली बाजू उजेडात धरली. मधला भाग पांढराशुभ्र. पण नाकाच्या दोन्ही अंगांना, जिथे तार असते तिथे, काजळाच्या बोटासारख्या दोन काळ्या रेघा आत ओढलेल्या. फिल्टरने आपलं काम चोख केलं होतं. धूळ फिल्टरमधून आलीच नव्हती, ती कडेने आली होती. त्याने तार एका चिमटीत दाबली होती, त्यामुळे नाकाच्या हाडावर टोकदार घडी पडून दोन्ही बाजूंना बोगदे तयार झाले होते. आणि खालची पट्टी मानेला गरम होते म्हणून त्याने कापून टाकली होती.

हवा नेहमी सोपी वाट धरते. फिल्टरमधून जायला तिला जोर लागतो, फटीतून लागत नाही. म्हणून ९९ टक्क्यांचा सैल मास्क ९५ टक्क्यांच्या घट्ट मास्कपुढे हरतो.

लावायची पद्धत अशी. मास्क हनुवटीखालून वर घ्या. वरची पट्टी डोक्याच्या मागे उंचावर, खालची कानांच्या खालून मानेवर. दोन्ही पट्ट्या हव्यातच. तार दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी मधून बाहेर दाबत न्या, एका हाताची चिमटी नको. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा : डोळ्यांकडे वारा लागला तर तार पुन्हा बसवा, गालाशी लागला तर पट्ट्या सरकवा. रबरी मास्क असेल तर फिल्टरची तोंडं तळव्यांनी झाकून श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटून दहा सेकंद तसाच राहिला पाहिजे. ही तपासणी दर वेळी, अगदी चहाहून परत आल्यावरही.

याशिवाय फिट टेस्ट असते. डोक्यावर पारदर्शक टोपडं घालून आत सॅकरिनचा गोड किंवा बिट्रेक्सचा कडू फवारा मारतात. बोलताना, मान वळवताना, वाकताना चव लागली तर तो मास्क तुमच्या चेहऱ्याचा नव्हे, दुसरा आकार बघायचा. ही चाचणी मास्क देताना एकदा आणि नंतर दरवर्षी करायची. मास्क कोणी पुरवतो म्हटलं, की पहिला प्रश्न हाच विचारा : फिट टेस्ट करून देणार का?

दाढी असेल तर?

मास्कची कड जिथे टेकते तिथे दाढी नको, दोन दिवसांचे खुंटही नकोत. एकेक केस म्हणजे एकेक नळी. मिशी कडेच्या आत बसत असेल तर चालते. धर्मामुळे किंवा आवडीने दाढी ठेवायची असेल तर सैल टोपडं असलेला, बॅटरीच्या पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारा पीएपीआर संच घ्या, त्याला चेहऱ्याशी घट्ट बसावं लागत नाही. महाग आहे, पण माणसाला दाढी आणि फुफ्फुस यांतलं एक निवडायला लावण्यापेक्षा स्वस्त.

बायकांना मास्क नेहमी मोठा का होतो?

कारण ठेकेदार एकाच आकाराचा गठ्ठा आणतो आणि तो बहुधा पुरुषी चेहऱ्याचा असतो. जिनिंग, डाळ मिल, हळद निवडणं, बियाण्याची प्रतवारी यांत निम्म्याहून जास्त हात बायकांचे दिसतात, पण लहान आकार मागवलेला क्वचितच सापडतो. लहान आकार मिळतो, फक्त मागायला लागतो. दुसरी गोष्ट पदराची. ताई, मावशी आधी पदर नाकावर घेतात आणि वरून मास्क लावतात, काचू नये म्हणून. मास्क आणि कातडी यांच्यामध्ये कापड आलं की कड बसतच नाही. मास्क आधी, थेट चेहऱ्यावर. पदर नंतर डोक्यावरून. नाकातली चमकी अडत नाही, नथ अडते.

जिनिंगमध्ये सोमवारी छाती आवळते, गुरुवारपर्यंत बरं वाटतं. हे काय असतं?

हे हसण्यावारी नेऊ नका. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची हीच खूण आहे. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती जड, खोकला, दम. आठवडा सरकला की कमी. पुढे पुढे ते रोजचं होतं आणि मग मागे फिरत नाही. ही धूळ नुसत्या रुईची नसते, तिच्यात पानांचा, बोंडाच्या सालीचा चुरा आणि जिवाणूंचे अंश असतात. एफएफपी-२ किंवा एन-९५ इथे योग्य. मात्र रुईची झूल मास्कवर चढून तो लवकर कोंदतो, म्हणून दिवसाला एक पुरेल असं समजू नका. झाडू मारताना धूळ सगळ्यात जास्त उडते, तेव्हाच मास्क गळ्यात लोंबत असतो, हे मी कितीदा पाहिलंय. झाडण्याऐवजी ओढून घेणारं व्हॅक्यूम लावता आलं तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

खडी क्रशर, फाउंड्री, ओट्याचा दगड कापणं : या धुळी सारख्याच ना?

दिसायला सारख्या, आतून नाहीत. आपल्या मराठवाड्याचा काळा दगड बेसॉल्ट आहे, त्यात मोकळं सिलिका वाळूच्या मानाने बरंच कमी. म्हणून क्रशरची धूळ निरुपद्रवी ठरत नाही, पण फाउंड्रीची वाळू आणि स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी येणारा कृत्रिम क्वार्ट्झ यांच्यापुढे ती सौम्य आहे. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये सिलिका ९० टक्क्यांच्या वर असू शकतं. ग्राइंडर कोरडा चालवला तर काही वर्षांतच सिलिकोसिस होऊ शकतो. सिलिकोसिसवर उपाय नाही. फुफ्फुस दगडासारखं घट्ट होत जातं, आणि क्षयरोग त्याच्या मागोमाग येतो.

इथे थोडा हिशोब लागतो. प्रत्येक मास्कला एक संरक्षणगुणांक असतो. नीट बसलेल्या अर्धमुखी मास्कचा १०, म्हणजे आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहापट स्वच्छ. फिट टेस्ट केलेल्या पूर्णमुखी मास्कचा ५०. समजा मोजणीत बारीक सिलिका घनमीटरला १ मिलिग्रॅम निघालं. अमेरिकेने २०१६ साली ठरवलेली मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे हवा वीसपट वाईट. दहाचा मास्क इथे पुरणार नाही, त्यावर कितीही भारी फिल्टर बसवला तरी. पन्नासचा लागेल. नाहीतर, आणि हेच आधी करायचं, पात्यावर पाणी सोडायचं. पाण्याची बारीक धार धूळ जन्मालाच येऊ देत नाही. टँकरच्या गावात पाणी कुठून आणू, हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो आणि तो खराच आहे. पाणी नसेल तर पात्याला बसणारं धूळ ओढणारं यंत्र लावा. कोरडं कापणं हा पर्याय धरू नका.

वेल्डिंगची काच असतेच, मग मास्क कशाला?

काच डोळ्यांसाठी. धूर तिच्या खालून वर येतो आणि थेट नाकात जातो. जस्त चढवलेल्या पत्र्यावर किंवा पाइपवर वेल्डिंग केलं की संध्याकाळी थंडी-ताप, तोंडाला गोडसर धातूची चव, दुसऱ्या दिवशी उतरतं : हा मेटल फ्यूम फीव्हर. हिवताप समजून गोळ्या घेतलेली माणसं मला भेटली आहेत. स्टेनलेस जाळताना सहा-संयुजी क्रोमियम निघतं, ते कर्करोगकारक आहे. काचेच्या आत बसेल असा चपटा पी-१०० किंवा एफएफपी-३ घ्या, आणि धूर ओढणारी नळी धातू वितळतो त्या जागेच्या जवळ ठेवा. बंद टाकीत वेल्डिंग असेल तर थांबा, आधी विहिरीचा प्रश्न वाचा.

थिनर, पेंटसाठी कोणतं कार्ट्रिज? ते किती दिवस चालतं?

सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज, त्यावर कणांचा प्रीफिल्टर. कार्ट्रिजमध्ये सक्रिय कोळसा असतो. वाफ त्याच्या सूक्ष्म छिद्रांत चिकटते. जागा भरली की पुढची वाफ सरळ तुमच्या नाकात.

'किती दिवस' याचं एक उत्तर नाही. वाफ किती, तुम्ही किती जोरात श्वास घेता, हवेत दमटपणा किती, उकाडा किती, यावर ते ठरतं. बनवणाऱ्याच्या तक्त्यावरून बदलाचं वेळापत्रक ठरवायचं आणि तारीख कार्ट्रिजवर पेनाने लिहायची. वास आला की बदलू, हा जुना नियम सोडून द्या. काही वाफांना वासच नसतो, काहींचा वास नाक मारून टाकतो.

आणखी एक : पाळी संपल्यावर कार्ट्रिज उघडं टांगून ठेवलं की ते रात्रभर हवेतली ओल आणि वाफ पीत राहतं. आत अडकलेली हलकी वाफ कोळशातून पुढे सरकते, आणि सकाळी पहिल्याच श्वासाला आत येते. घट्ट डब्यात बंद करून ठेवा, आणि अशा वाफांसाठी दुसऱ्या दिवशी नवं घ्या.

दोन डब्यांचा टू-के पेंट असेल, तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. वास कळण्याआधीच ते इजा करतं आणि एकदा त्याचा दमा जडला की थेंबभरही सोसत नाही. बूथमध्ये असा पेंट मारताना बाहेरून नळीने स्वच्छ हवा देणारा मास्कच हवा.

कार्ट्रिजच्या रंगांवरून ओळखता येतं का?

येतं, पण घात होऊ शकतो, कारण दोन पद्धती बाजारात एकत्र आहेत. अमेरिकी पद्धतीत सेंद्रिय वाफ काळी, आम्ल वायू पांढरा, दोन्ही मिळून पिवळा, अमोनिया हिरवा. युरोपीय पद्धतीत सेंद्रिय वाफ तपकिरी आणि अक्षर 'ए', क्लोरीनसारखे अजैविक वायू करडे आणि 'बी', गंधकाचा धूर पिवळा आणि 'ई', अमोनिया हिरवा आणि 'के', कणांची पांढरी पट्टी आणि 'पी'. म्हणजे अमेरिकी पिवळं थिनरला चालेल, युरोपीय पिवळं मुळीच नाही. साखर कारखान्यात गंधक भट्टीवर काम असेल तर युरोपीय 'ई', बर्फ कारखान्यात किंवा दूध शीतकरणात 'के'. रंग बघा आणि वरचं लिहिलेलंही वाचा, दुकानदाराला वाचून दाखवायला लावा.

कार्बन मोनॉक्साइडला यांतलं एकही चालत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. कोळशाचा गॅसिफायर, बंद खोलीतला जनरेटर, विहिरीत उतरवलेलं डिझेल इंजिन, इथे तो असतो.

फवारणीला काय लावू?

आधी डब्यावरचं लेबल. बहुतेक ठिकाणी सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज आणि त्यावर कणांचा फिल्टर असं जोडीने लागतं, कारण फवाऱ्यात थेंब आणि वाफ दोन्ही असतात. नुसता एन-९५ थेंब अडवेल, वाफ नाही. पण खरं सांगायचं तर फवारणीत विष नाकापेक्षा कातडीतून जास्त जातं. २०१७ साली शेजारच्या यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, दमट हवा, अंगावर ओला सदरा. म्हणून हातमोजे, पूर्ण बाह्या, गमबूट, चष्मा यांच्याशिवाय मास्क अपुरा. वारा पाठीशी ठेवा, आणि दुपारचं फवारू नका.

धान्यात टाकायच्या गोळ्यांना कोणता मास्क?

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओलीला लागून फॉस्फिन हा विषारी वायू सोडतात. त्याचा वास लसणीसारखा किंवा सडक्या माशासारखा, पण त्या वासावर भिस्त ठेवता येत नाही. या गोळ्यांचा वापर प्रशिक्षित धूरीकरण करणाऱ्यांसाठीच राखीव आहे. त्यांच्याकडे फॉस्फिनसाठी मान्य असलेला पूर्णमुखी मास्क आणि मोजणारं यंत्र असतं. घरात, लेकरं झोपतात त्या खोलीत किंवा शेजारच्या खोलीत पोत्यांत गोळ्या टाकून वर मास्क कोणता विचारत असाल, तर माझं उत्तर एकच : टाकू नका.

विहीर, मळीची टाकी, गटार, बायोगॅसचा खड्डा : आत उतरताना?

कोणताही गाळणारा मास्क नाही. एकही नाही.

साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५च्या खाली गाळणारा मास्क वापरायचा नाही, असा नियम आहे. जुन्या, वापर नसलेल्या विहिरीत पालापाचोळा कुजून ऑक्सिजन संपलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचलेला. गटारात आणि मळीच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास तो नाकाची वास घ्यायची शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणून गॅस गेला असं वाटतं, आणि तेव्हाच तो सगळ्यात जास्त असतो.

कंदील सोडून बघतात, विझला नाही म्हणजे ठीक. कंदिलाला हायड्रोजन सल्फाइड कळत नाही, कार्बन मोनॉक्साइड कळत नाही, आणि मिथेन असेल तर कंदीलच भडका उडवतो. चार वायू एकदम मोजणारा मीटर दोरीने वर, मध्ये आणि तळाशी सोडून बघायचा. पंख्याने हवा खेळवायची, पुन्हा मोजायचं. उतरायलाच लागलं तर पाठीवर सिलिंडरचा एससीबीए संच किंवा नळीची हवा, अंगात हार्नेस, वर तिवई आणि दोर धरून बसलेला माणूस.

आणि पहिला माणूस कोसळला तर दुसऱ्याने उडी मारायची नाही. हे लिहिताना हात जड होतो. अशा बातम्यांत बहुतेकदा एक नाही, दोन-तीन नावं असतात : आधी मजूर, मग भाऊ, मग शेजारी. पहिल्याला हार्नेस असता तर वरून ओढता आलं असतं. मैला साफ करण्यासाठी माणसाला संरक्षणाशिवाय गटारात, सेप्टिक टाकीत उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. "पाचच मिनिटांचं काम आहे" म्हणणाऱ्या मुकादमाला हे सांगा.

मे महिन्यात ४२-४३ अंशांत मास्क सहन होत नाही.

बरोबर आहे, होत नाही. श्वास सोडायची झडप असलेला मास्क घ्या, झडपेने तुमचं संरक्षण कमी होत नाही. जास्तीचे मास्क द्यायला लावा, घामाने ओला झाला की बदलायचा. जड काम सकाळी, दर तासाला सावलीत धुळीबाहेर जाऊन मास्क काढून पाणी. भट्टीजवळ कायमचं काम असेल तर पंख्याचा पीएपीआर मागा, चेहऱ्यावर वारा येतो. मास्क नाकाखाली ओढून मात्र ठेवू नका.

असली-नकली कसं ओळखू?

भारतीय मास्कवर आयएसआय चिन्ह, आयएस ९४७३ आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा, कंपनीचं नाव यायला हवं. अमेरिकी मान्यतेच्या एन-९५वर टीसी-८४एने सुरू होणारा क्रमांक असतो. 'नोंदणीकृत', 'प्रमाणित' असं नुसतं मोघम छापलं असेल, कानाला अडकवायचे दोरे असतील, मुदतीची तारीख नसेल, तर ठेवून द्या.

मास्कचे पैसे पगारातून कापतात. बरोबर आहे का?

नाही. सुरक्षेच्या साधनांचा किंवा आजाराच्या तपासणीचा खर्च कामगाराकडून घ्यायचा नाही, असं २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत आहे. कंत्राटी कामगार असलात तरीही विचारा. कारखान्यात ऐकत नसतील तर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार करता येते.

मला दमा आहे, बीपी आहे. मास्क लावू का?

आधी डॉक्टरांना दाखवा. मास्कमधून श्वास ओढायला थोडा जास्त जोर लागतो, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो जाणवतो. फुंकर मारून करायची पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांची तपासणी, आणि छातीचा एक्स-रे कामाला लागतानाच करून घ्या म्हणजे पुढे तुलना करता येते. आणि खोकल्यासाठी सरकारी दवाखान्यात गेलात, तर विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा : "मी आठ वर्षं फाउंड्रीत वाळूवर आहे", "मी जिनिंगवर आहे". सिलिकोसिस एक्स-रेवर क्षयरोगासारखा दिसू शकतो, आणि काम माहीत नसेल तर डॉक्टर फक्त क्षयरोगाची औषधं सुरू करतात. केसपेपरवर तुमचं काम आणि वर्षं लिहून घ्या, आणि तो कागद जपून ठेवा. पुढे ईएसआयकडे (कामगार राज्य विमा) नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर पहिला कागद तोच मागतात.